फाशी की जन्मठेप? परिसंवादासाठी नेमकी माहिती हवी

शहापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात ‘फाशी असावी की नसावी’ यावर परिसंवाद ठेवलाय. अशा परिसंवादात होतं काय, एकजण म्हणतो ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी घरी, त्यापेक्षा लटकवा’. दुसरा म्हणतो ‘जिवाच्या बदल्यात जीव घेऊन काय मिळणार’. टाळ्या पडतात आणि चहा येतो. सीमालढ्यातल्या सत्याग्रहींमुळे बेळगावच्या हिंडलगा तुरुंगाचं नाव आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे, खरं फाशीचा निकाल लागल्यावर फाईल कुठून कुठं जाते हे कुणालाच धड सांगता येत नाही.

तर विचारायचं ते असं. बेळगावच्या सत्र न्यायालयात फाशी झाली तर पुढचे टप्पे कोणते आणि ते कुठं अडकतात? जन्मठेप खरोखर किती वर्षांची? ‘सुधारणा’ म्हणतात ती कोर्टात मोजतात कशी? आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्या हातात काय उरतं? मत कुठल्याही बाजूचं द्या, पण आधारासकट द्या.

कोर्टगल्ली
पहिल्या दोन प्रश्नांचं मी बघतो.

सत्र न्यायाधीशांनी फाशी सुनावली म्हणजे ती पक्की झाली असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४०७ प्रमाणे ती उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. बेळगाव जिल्ह्याची फाईल धारवाड खंडपीठाकडे जाते. आरोपीने अपील केलं नाही तरी जाते. तिथं दोन न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून वाचतात. आरोपीचं स्वतःचं अपील वेगळं, त्याची मुदत ३० दिवस. वकील परवडत नसेल तर कायदे सेवा समितीकडून मिळतो, पण खालच्या कोर्टातले कागद वेळेत वर पोचले नाहीत तर नवा वकील अर्धवट फाईलवर उभा राहतो. खटला बिघडतो तो बहुतेक इथं. आपल्या भागात आणखी एक भानगड असते. साक्षी कन्नडमध्ये नोंदवल्या जातात आणि आरोपीला धड मराठीच समजते. साक्ष त्याला कळेल अशा भाषेत सांगायची असा नियम आहे. तसं झालं का, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, दिसलं पाहिजे. निकालाची प्रत मोफत मिळते आणि शक्य असेल तर त्याच्या भाषेतला अनुवादही मागता येतो. मागत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

धारवाडनंतर सर्वोच्च न्यायालय. तिथं अपील आपोआप दाखल होतं असा समज आहे, तो चुकीचा. खालच्या कोर्टाने सोडलेल्याला उच्च न्यायालयाने फाशी दिली असेल तरच अपिलाचा हक्क असतो. एरवी विशेष परवानगी मागावी लागते आणि तिची मुदत ६० दिवस. ती फेटाळली गेली तर पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासणं. २०१४च्या मोहम्मद आरिफ निकालापासून फाशीच्या प्रकरणात हे पुनर्विलोकन तीन न्यायमूर्तींसमोर उघड सुनावणीने होतं. त्याआधी ते दालनात, कागद फिरवूनच निकालात निघायचं.

मग दयेचा अर्ज. नव्या संहितेचं कलम ४७२ इथं मुदती घालतं, जुन्या कायद्यात त्या नव्हत्या. तुरुंग अधीक्षकांनी निकाल कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. आधी राज्यपालांकडे केला आणि फेटाळला गेला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचं म्हणणं आणि कागदपत्रं मिळाल्यावर केंद्राने ६० दिवसांत शिफारस पाठवायची. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही. जुन्या प्रकरणांत वर्षं गेली ती इथं आणि गृहखात्याच्या टेबलांवर. अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि प्रत्यक्ष फाशी यांत किमान १४ दिवस हवेत, असं २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालात सांगितलंय. त्याच निकालाने १५ जणांची फाशी रद्द झाली. वीरप्पनचे जे चार साथीदार हिंडलग्यात होते, ते त्यांतलेच.

आता चौदा वर्षं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच हे स्पष्ट केलंय. ‘चौदा’ आले ते १९७८च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप लागली, तर प्रत्यक्ष १४ वर्षं भोगल्याशिवाय सरकारला माफी, म्हणजे उरलेल्या शिक्षेत सूट, देताच येत नाही. म्हणजे चौदा हा खालचा उंबरठा. तो ओलांडला म्हणून दार उघडतं असं नाही. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्यात धरतात. चांगल्या वागणुकीची माफी धरत नाहीत. पॅरोलचे दिवस धरायचे नाहीत, असं गोव्यातल्या एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या नियमांच्या आधारे ठरवलं. आणि तुरुंगात दिवस-रात्र वेगवेगळे मोजतात ही निव्वळ चावडीवरची गोष्ट.

निपाणीकर
कोर्टगल्ली साहेबांनी टप्पे बरोबर सांगितले. मी फाशीच्या बाजूचा आहे, म्हणून ती बाजू नीट मांडतो. परिसंवादात ती नेहमी नुसत्या आरडाओरड्यावर सोडून दिली जाते.

पहिलं म्हणजे, १९८०च्या बच्चनसिंग निकालात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेत बसते असं म्हटलंय. अट एकच, जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झाला असेल अशा ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच ती द्यायची. विधी आयोगाने २०१५ साली २६२व्या अहवालात फाशी काढा म्हटलं, खरं दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळून म्हटलं. म्हणजे काही गुन्ह्यांना ती लागते हे त्यांनाही मान्य आहे. मग सहा-सात वर्षांच्या पोरीवर अत्याचार करून तिला मारणारा त्या यादीत का नाही, याचं उत्तर मला त्या अहवालात पटण्यासारखं मिळालेलं नाही.

दुसरं, ‘मरेपर्यंत जन्मठेप’ कागदावर असते, चावी सरकारच्या हातात असते. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणातले ११ जन्मठेपेचे कैदी १५ ऑगस्ट २०२२ला गुजरात सरकारने सोडले, हारतुऱ्यांनी त्यांचं स्वागत झालं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली, खरं त्यासाठी त्या बाईंनाच पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. ज्याचं घर उद्ध्वस्त झालंय त्याने आयुष्यभर पाळत ठेवायची काय?

तिसरं, उशीर. कोल्हापूरचं बालहत्याकांड घ्या. अटक १९९६, सत्र न्यायालयाची फाशी २००१, सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब २००६, राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला २०१४. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सरकारने जवळपास आठ वर्षं काढली. कारकुनी ढिलाईचा फायदा गुन्हेगाराला. पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या तरुणीच्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणातही तेच. तिथं तर अर्ज फेटाळल्यावर वॉरंट काढण्यातच वेळ गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी दिलेली ३५ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ही फाशीतली खोट नव्हे, फाईल हलवणाऱ्यांची आहे. त्याच निकालात प्रत्येक राज्याने दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष ठेवावा असं सांगितलंय. तो कक्ष नीट चालवा, मग फाशी चालते की नाही ते बोलू.

धाक बसतो असं मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली धाकावरचे सगळे अभ्यास तपासले आणि त्यांतून फाशीने खून वाढतात, घटतात की तेवढेच राहतात यातलं काहीच ठरत नाही असं सांगितलं. विरोधकांनीही मग ‘धाक बसत नाही हे सिद्ध झालंय’ म्हणू नये. माझा मुद्दा गुन्ह्याच्या मापाची शिक्षा एवढाच आहे.

घटप्रभा
निपाणीकर साहेब, मुद्देसूद लिहिलंत. दोन ठिकाणी मात्र अडते.

चावी सरकारच्या हातात असते हे साध्या जन्मठेपेला लागू. मधला एक रस्ता २००८ पासून आहे आणि तो आपल्या कर्नाटकातल्याच खटल्यात तयार झाला, स्वामी श्रद्धानंद प्रकरणात. १४ वर्षं कमी वाटतात आणि फाशी जास्त वाटते, अशा वेळी कोर्ट म्हणू शकतं की २० वर्षं, ३० वर्षं किंवा अखेरपर्यंत माफीचा विचारच करायचा नाही. २०१५च्या श्रीहरन निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरलं. अधिकार मात्र उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच. सत्र न्यायाधीशांना अशी मुदत घालता येत नाही. त्यांच्यापुढे फाशी नाहीतर साधी जन्मठेप, आणि खालच्या कोर्टात फाशीचे आकडे फुगतात त्याचं एक कारण मला हेच दिसतं. अशी शिक्षा लागली की राज्य सरकारची माफी बंद. राज्यपाल आणि राष्ट्रपतींचा घटनेतला अधिकार तेवढा उरतो. तेव्हा तुमच्या परिसंवादात ‘फाशी की चौदा वर्षं’ अशी जोडी लावूच नका, शहापूरकर. जोडी लागते ती ‘फाशी की माफीविना तीस वर्षं’ अशी.

दुसरं, मापाची शिक्षा म्हणता तर ते माप लागतं कसं ते बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय कायदा विद्यापीठातल्या तेव्हाच्या प्रकल्प ३९-अ या संशोधन गटाच्या मोजणीप्रमाणे २०२२ साली देशातल्या सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली, आणि वर्षअखेर ५३९ जण फाशीच्या सावटाखाली होते. २००० पासून प्रत्यक्ष फाशी झाली ८ जणांना: २००४ मध्ये एक, मग कसाब, अफझल गुरू, याकूब मेमन, आणि २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये चौघे. त्याच विद्यापीठाच्या २०१६च्या अहवालात दिसतं की खालच्या कोर्टातली फाशी वरपर्यंत टिकते ती साधारण ५ टक्के प्रकरणांत. बाकीच्यांची शिक्षा बदलते आणि बरेचजण चक्क निर्दोष सुटतात. एवढी गळती फक्त कारकुनांमुळे होत नाही. खालचं माप चुकतंय.

का चुकतं, ते तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते. अनेकदा ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकतात. वकील म्हणतो, ‘वय लहान आहे, घरी म्हातारी आई आहे, दया करावी’. तेवढ्यावर कोर्टाने माणूस सुधारेल की नाही ते ठरवायचं. मे २०२२च्या मनोज निकालाने हे मोडायचा प्रयत्न केला. खटला चालू असतानाच सरकार पक्षाने आरोपीचं मानसिक मूल्यमापन दाखल करायचं. वय, बालपण, घरची स्थिती, शिक्षण, कमाई, आधीचे गुन्हे, आजार हे सगळं मुदतीत मांडायचं. तुरुंगातलं वर्तन, केलेलं काम, शिकलेलं शिक्षण यांचा अहवाल अधीक्षकांकडून मागवायचा. बचाव पक्षाने नुसता अर्ज न करता शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, शेजारी आणि शिक्षक यांची प्रतिज्ञापत्रं लावायची. हे जमवायला काही आठवडे तरी लागतात. त्याच दिवशी शिक्षा सुनावणं चालेल का, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला गेला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मनोज निकालातली पद्धत पाळली गेली नसेल, तर दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरसुद्धा शिक्षेचा भाग पुन्हा उघडता येतो.

आता हिंडलगा. १९२३चा तुरुंग, फाशीघर आहे, १९८३ नंतर तिथं फाशी झालेली नाही. राज्यातले अनेक फाशीचे कैदी मात्र इथं ठेवले गेले. घोळ होतो तो असा. कारागृह कायद्यात ‘फाशीची शिक्षा झालेल्याला’ वेगळं, रात्रंदिवस पहाऱ्यात ठेवायचं असं आहे. १९७८च्या सुनील बत्रा निकालाने सांगितलं की अपील, दयेचा अर्ज असं सगळं संपून शिक्षा पक्की झाल्याशिवाय माणूस त्या व्याख्येत बसत नाही. तोपर्यंत त्याला एकांतात टाकता येत नाही. प्रत्यक्षात खालच्या कोर्टाचा निकाल लागला की रवानगी थेट फाशी यार्डात. बी. ए. उमेश या फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात नेमकं हेच बेळगावात झालं. दयेचा अर्ज निकालात निघायच्या कितीतरी वर्षं आधीपासून एकांतकोठडी. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणावर फाशी रद्द करून माफीविना किमान ३० वर्षं केली. गुन्हे अतिशय घोर होते, त्याबद्दल कोर्टाला शंका नव्हती. म्हणजे निपाणीकर साहेब, ज्यांना फाशी व्हावी असं वाटतं त्यांनी तरी तुरुंगातला हा नियम कसोशीने पाळला जावा म्हणून ओरडलं पाहिजे.

आणि याची दुसरी बाजू, जी कुठल्या भाषणात येत नाही. फाशीच्या कैद्याला सश्रम शिक्षा नसते, त्यामुळे काम मिळत नाही. कारखान्यात नाव नाही, मजुरी नाही, हजेरी नाही. पक्क्या कैद्याला कर्नाटकात २०२२ अखेर सुधारलेल्या दराने दिवसाला अकुशल कामाचे ५२४ रुपये आणि सर्वांत कुशल कामाचे ६६३ रुपये ठरले. त्याचा हात कशावर बसलाय हे कागदावर दिसतं. दहा वर्षांनी कोर्ट विचारतं, ‘हा सुधारला का?’ आणि यार्डातल्या माणसाच्या रकान्यात ‘वर्तन समाधानकारक’ एवढे दोन शब्द. यावर कुणाचा जीव तोलायचा? बी.ए.ला नाव घालणं, वाचनाची नोंद, मानसोपचारतज्ज्ञाच्या दर भेटीचा कागद, एवढं त्याच्या वकिलाने सुरुवातीपासून मागून ठेवावं. एकदा वेळ गेली की मागची नोंद कुणी तयार करून देत नाही.

सुधारणेचं उदाहरण हवं असेल तर युरोपात जायला नको. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या सोबतीने १९३९ साली वसवलेली खुली वसाहत. भिंत नाही, कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. पण तिथं निवडून आणलेले मोजकेच कैदी असतात. ‘तिथं चालतं म्हणजे सगळीकडे चालेल’ असं परिसंवादात म्हणालात तर समोरचा लगेच पकडेल.

चंदगडी
एक शंका. माणूस चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्रातला. गुन्हा आणि खटला बेळगावात. तर माफी कुणी द्यायची? आणि त्याला कोल्हापूरला हलवता येतंय काय?

कोर्टगल्ली
माफी कर्नाटक सरकारने. शिक्षा ज्या राज्यातल्या कोर्टाने दिली, त्याच राज्याचा अधिकार. बिल्किस प्रकरणात गुजरातची माफी टिकली नाही ती यावरच, कारण खटला मुंबईत चालला होता.

हलवता येतं, १९५०च्या कैदी हस्तांतर कायद्याने, दोन्ही सरकारांची संमती लागते. कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात आणलं तरी माफीची फाईल बेंगळुरूलाच राहते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर ते कोल्हापुरात हेलपाटे घालत बसतात.

अशा लोकांचा पॅरोल अडतो तो पोलिस अहवालावर. अर्ज हिंडलग्यात, घर चंदगड पोलिसांच्या हद्दीत. इकडचं कन्नड पत्र तिकडं गेलं आणि कुणाला वाचता आलं नाही तर ते पडून राहतं. अर्जासोबत मराठी अनुवाद, ग्रामपंचायतीचा रहिवास दाखला, जामीनदाराचा सातबारा आणि आधारची प्रत आधीच जोडावी, आणि जावक क्रमांक मागून घ्यावा. भेटीसाठी दर वेळी येणं जमत नसेल तर ई-मुलाकातवर नोंद करून व्हिडिओवर बोलता येतं.

मुदतपूर्व सुटकेसाठी शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या न्यायाधीशांचं मत लागतं, ते कारणांसह हवं. नुसतं ‘गुन्हा गंभीर, सबब शिफारस नाही’ असं आलं तर ते आव्हान देण्याजोगं आहे. लक्ष्मण नास्कर निकालातले निकष त्यात आले पाहिजेत: पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, आत ठेवून आता काही साधतंय का, घरची स्थिती. राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्याने अर्ज करायची वाट बघू नये, सरकारने स्वतःच विचार करावा, असंही फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

खानापूरची
चौथा प्रश्न सगळ्यांनी टाळलाय, म्हणून लिहिते.

पीडिताच्या घरच्यांना आरोपीच्या निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गुन्ह्यात दोषी धरल्याविरुद्ध आणि अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येतं. शिक्षा कमी पडली, फाशी द्या, म्हणून मात्र अपील करता येत नाही. ते फक्त सरकार करू शकतं. मोर्चात ‘आम्ही वर जाऊ’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना हे माहीत नसतं, निदान सांगत तरी नाहीत.

भरपाईचं कलम त्याच नव्या संहितेचं ३९६. निकाल देताना कोर्ट शिफारस करू शकतं, आरोपी सुटला तरी करू शकतं, कारण घरच्यांचं नुकसान त्याने कमी होत नाही. आरोपी सापडलाच नाही तर अवलंबितांनी जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करायचा. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. स्त्री पीडितांसाठी नालसाच्या (राष्ट्रीय कायदे सेवा प्राधिकरणाच्या) २०१८च्या योजनेत मृत्यूला किमान ५ आणि कमाल १० लाख रुपये आहेत. अर्जाला एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रं आणि बँक पासबुक लागतं. वारसांचं नाव एका कागदावर मराठी वळणाचं आणि दुसऱ्यावर कन्नड वळणाचं असेल तर अर्ज परत येतो, तेव्हा नावाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. सरकारी वकिलांनी निकालाच्या दिवशी भरपाईची शिफारस तोंडी मागितली नाही तर बहुतेक वेळा ती निकालपत्रात येतच नाही. घरच्यांच्या वतीने वकील असेल तर त्याने आदल्या दिवशीच लेखी टिपण द्यावं.

कैद्यांच्या मजुरीतला काही वाटा पीडितांसाठी बाजूला काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच गुजरातच्या प्रकरणात म्हटलंय. घटप्रभांनी मजुरीचे आकडे दिले, त्याला हे जोडून घ्या. फाशी यार्डातला माणूस कमावतच नाही, तेव्हा त्याच्याकडून या वाट्यात काही येत नाही.

निपाणीकर काका, एक राहिलं. फाशी वाढवली की बायकांना-पोरींना न्याय मिळतो असं समजू नका. बलात्काराच्या नोंदीत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं. काका-मामाच फासावर जाणार म्हटल्यावर घरातच तक्रार दाबली जाते. २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद आली तेव्हाही ही भीती मांडली गेली होती.

निपाणीकर
ताई, ओळखीच्या आरोपीचा मुद्दा मान्य. म्हणूनच फाशी खुनापुरती ठेवा, नुसत्या बलात्काराला नको, असं मीही म्हणतो. खरं खून करून पुरावा मिटवणाऱ्याबद्दल माझं मत तेच आहे.

शहापूरकर
सगळ्यांचे आभार. विषय बदलून ‘फाशी की माफीविना तीस वर्षं’ असा करतोय. घटप्रभा आणि निपाणीकर, दोघांना बोलायला यायला जमेल काय? आणि खानापूरच्या ताईंनी दिलेली अर्जाच्या कागदांची यादी छापून वाचनालयाच्या फलकावर लावली तर चालेल ना?

खानापूरची
लावा. फक्त पीडिताचं नाव-गाव असलेला कुठला जुना अर्ज नमुना म्हणून डकवू नका. बलात्काराच्या प्रकरणात तोही गुन्हा आहे.